फोटोतला हिरवा ठिपका, रेघा आणि धुरकटपणा: फ्लेअर ओळखायचा कसा, घालवायचा कसा

सूर्यास्ताच्या फोटोत खालच्या अंधाऱ्या भागात एक हिरवट ठिपका उमटतो. रात्री दिव्यांच्या रांगेचा फोटो काढला की काळ्या आकाशात तसेच छोटे दिवे उलटे टांगलेले दिसतात. कधी ठिपका नसतो, पण चेहरा फिका, केस राखाडी आणि सगळ्या फोटोवर पांढरट थर. कधी प्रत्येक दिव्यातून लांबच लांब रेघ निघते, तीही सगळ्या दिव्यांची एकाच दिशेला.

या सगळ्याला आपण सरसकट ‘फ्लेअर’ म्हणतो आणि उपायही सरसकट एकच करतो: लेन्स शर्टाला पुसायची. यातल्या एका प्रकाराला तो लागू पडतो, बाकीच्यांना नाही. मग ‘कॅमेराच खराब आहे’ असं ठरतं, फोन दुरुस्तीला जातो आणि बहुतेक वेळा जसा गेला तसाच परत येतो. महागातला महाग फोनही यातून सुटलेला नाही, तेव्हा फोन बदलून प्रश्न मिटेल ही आशा न धरलेली बरी.

पुसण्याआधी फोन हलवून बघा. दिवा स्क्रीनवर एकीकडे सरकला की डाग कुठे जातो, यावरून जवळजवळ प्रत्येक वेळी मूळ कारण कळतं. आणि कारण कळलं की निम्म्याहून जास्त वेळा उपायही तोच निघतो: फोनचा कोन थोडा बदलणं.

निदान: अंधारी खोली आणि एक दिवा

ही तपासणी सूर्यावर करू नका. खोलीत अंधार करा आणि दुसऱ्या फोनचा टॉर्च चार-पाच हात लांब ठेवा. कॅमेरा १एक्स वर (झूम न करता, मुख्य कॅमेऱ्यावर) ठेवून टॉर्च स्क्रीनच्या एका कोपऱ्यात आणा आणि फोन अगदी सावकाश वळवत टॉर्च दुसऱ्या कोपऱ्याकडे न्या.

टॉर्च डावीकडून उजवीकडे जाताना एखादा ठिपका उजवीकडून डावीकडे निघाला आणि दोघं फ्रेमच्या मध्यावर एकमेकांना भेटले, तर ते लेन्सच्या आतलं परावर्तन आहे. छायाचित्रकार याला ‘घोस्ट’ म्हणतात. पुसून ते जाणार नाही.

टॉर्चमधून रेघ निघत असेल तर आता फोन उभ्याचा आडवा करा. रेघ फोनबरोबर फिरली, म्हणजे उभ्या फोनमध्ये वर-खाली जाणारी रेघ आता डावी-उजवी झाली, तर कारण फोनवरच आहे: कॅमेऱ्याच्या काचेवरचा तेलकट थर किंवा ओरखडा. फोन फिरवूनही रेघ जागची हलली नाही, तर ती तुमच्या आणि दिव्याच्या मध्ये असलेल्या कशामुळे तरी येते आहे. डास अडवणारी बारीक जाळी किंवा झिरझिरीत पडदा हे नेहमीचे गुन्हेगार; त्यांच्यातून दिवा पाहिला की चार टोकांचा तारा दिसतो.

शेवटी टॉर्च फ्रेमच्या जरासा बाहेर न्या. तो दिसेनासा झाल्यावरही चित्र पांढरट राहिलं आणि दिव्याच्या बाजूने हाताचा आडोसा धरताच स्वच्छ झालं, तर बाहेरून तिरका येणारा प्रकाश आत शिरतो आहे.

ठिपका समोरासमोरच का येतो

काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर, कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसेल तर, सरळ येणाऱ्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग परत फिरतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात साधारण ६-७ छोट्या प्लास्टिक लेन्स एकामागे एक असतात. त्यांच्या मागे इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) अडवणारा फिल्टर, सर्वात पुढे बाहेरची काच आणि सर्वात शेवटी सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, जी स्वतःही चकचकीत असते. सेन्सर सोडला तरी ७ लेन्स, फिल्टर आणि काच मिळून १८ पृष्ठभाग होतात. घोस्ट व्हायला प्रकाश दोनदा उलटावा लागतो, आणि १८ पृष्ठभागांतून दोन-दोनच्या १५३ जोड्या निघतात. यातले बहुतेक घोस्ट इतके पसरट असतात की दिसतच नाहीत.

दिसतो तो बहुधा सेन्सरवरून निघालेला. दिव्याचा प्रकाश सेन्सरवर एका बिंदूत येऊन मिळतो, त्यातला थोडा परत फिरतो, लेन्समधून उलटा बाहेर निघतो, पुढच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत येतो. काच लेन्सच्या मध्यरेषेशी काटकोनात असल्यामुळे हा परतलेला प्रकाश फ्रेमच्या मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे जाऊन पुन्हा एका बिंदूत मिळतो. म्हणून दिवा वर डावीकडे असेल तर ठिपका खाली उजवीकडे, मध्यापासून तेवढ्याच अंतरावर. आणि तो नीट फोकस झालेला असतो, म्हणून दुकानाच्या प्रकाशमान पाटीची अक्षरंही घोस्टमध्ये उलटी, पण वाचता येण्यासारखी दिसतात.

याचा एक गमतीदार परिणाम खंडग्रास सूर्यग्रहणात दिसतो. सूर्य स्वतः फोटोत पांढरा गोळा होऊन जातो, चंद्राने झाकलेला भाग कळतही नाही. पण घोस्ट मंद असल्यामुळे त्यात ग्रहणाची कोर स्पष्ट, फक्त उलटी, दिसते. रात्रीच्या आकाशात ‘अज्ञात तबकड्या’ दाखवणाऱ्या फोटोंतही खाली रस्त्यावरचे दिवे मोजून बघावेत. वरच्या तबकड्या पुष्कळदा तेवढ्याच निघतात.

कोटिंग असताना हे होतंच कसं, असा प्रश्न रास्त आहे. १९३५ मध्ये कार्ल झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी लेन्सवर परावर्तन कमी करणारा पातळ थर देण्याची पद्धत काढली आणि आजच्या बहुस्तरीय कोटिंगमुळे परावर्तन अर्ध्या टक्क्याखाली आणता येतं. पण हिशेब करून बघा. दोन्ही वेळा अर्धा टक्का धरला तर घोस्ट मूळ दिव्याच्या ४०,००० पटींनी मंद होतो. सूर्याचं बिंब भर उन्हातल्या पांढऱ्या कागदापेक्षा सुमारे ४५,००० पटींनी उजळ असतं. म्हणजे इतकं उत्तम कोटिंग असूनही सूर्याचा फोकस झालेला घोस्ट उन्हातल्या कागदाएवढा उजळ राहू शकतो. संध्याकाळच्या सावलीत तो डोळ्यात खुपणारच. शिवाय कोटिंग सगळे रंग सारखे अडवत नाही. जे उरतं ते हिरवट, निळसर किंवा जांभळट असतं. ठिपक्याचा रंग तिथून येतो.

कोन बदलून ठिपका हवा तिथे न्यायचा

ठिपका मध्यबिंदूच्या पलीकडे पडतो हे एकदा कळलं की तो कुठे पडू द्यायचा हे तुमच्या हातात येतं. फोन थोडा कलवला की दिवा एका दिशेला सरकतो आणि ठिपका तेवढाच उलट दिशेला. म्हणजे ५ अंश कलवलं तर दोघांमधलं अंतर साधारण १० अंशांनी बदलतं. मोठ्या हालचालीची गरज नसते, मनगट जरासं वळवणं पुरतं.

सगळ्यात निर्धोक जागा म्हणजे दिवा बरोबर फ्रेमच्या मध्यावर. तिथे ठिपका दिव्याच्याच अंगावर पडतो आणि दिसत नाही. सूर्य, चंद्र, समईची ज्योत असे एकाच प्रकाशाचे फोटो असतील तर हे करून नंतर हवं तसं क्रॉप करा. रचना कंटाळवाणी वाटली तर क्रॉप करताना विषय एका बाजूला घेता येतो. त्यासाठी सुरुवातीला चार पावलं मागे जाऊन मोकळी जागा ठेवलेली असावी.

दुसरा मार्ग म्हणजे ठिपका उजळ जागी पाडणं. घोस्ट हा वरून मिसळलेला प्रकाश आहे. काळ्या कोटावर तो उठून दिसतो, पांढऱ्या भिंतीवर किंवा उजळ ढगावर विरून जातो. सूर्य फ्रेमच्या वरच्या भागात मधोमध ठेवण्याची आपल्याला सवय असते, आणि नेमकी तीच जागा वाईट: ठिपका खाली मधोमध येतो, जिथे बहुतेक वेळा माणसं उभी असतात. सूर्य वरच्या कोपऱ्यात ढकलला की ठिपका खालच्या विरुद्ध कोपऱ्यात जातो आणि तिथून तो कापून टाकता येतो.

सूर्य फ्रेमबाहेर गेला की हा ठिपकाही पलीकडच्या कडेने बाहेर पडतो. दोघं एकदमच जातात. तरी एखादा डाग उरलाच तर तो या जातीचा नाही.

खांब, झाडाचं खोड, एखाद्याचं डोकं यांच्या आड सूर्य अर्धा लपवणं ही छायाचित्रकारांची जुनी युक्ती आहे आणि ती फोनवरही चालते. आकाशात सूर्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश असते, त्यामुळे तुम्ही एक पाऊल बाजूला सरकलात तरी तो झाकला जातो.

कोन बदलणं शक्यच नसेल तर एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) कमी करा. स्क्रीनवर दिव्यावर बोट टेकवा आणि बाजूला येणारी सूर्याची खूण खाली ओढा. दिवा इतका उजळ असतो की तो तरीही पांढराच राहतो, पण मंद घोस्ट काळोखात बुडतो. रात्रीचे घोस्ट जास्त दिसतात त्याचं कारण हेच उलट बाजूने: नाइट मोड आणि एचडीआर (उजळ आणि अंधारे भाग दोन्ही दाखवायचा प्रयत्न करणारी सोय) अंधारे भाग मुद्दाम उजळतात, आणि घोस्ट अंधाऱ्या भागातच बसलेला असतो. दिव्यांच्या फोटोंसाठी नाइट मोड बंद करून एक फोटो काढून बघा. थोडा काळोखा येईल, पण स्वच्छ येईल.

झूम केल्याने फरक पडेल का? फोन खरोखर वेगळी टेलिफोटो (लांबचं जवळ दाखवणारी) लेन्स वापरत असेल तर घोस्टचं रूप बदलतं, कधी कमी होतं. पण प्रकाश कमी असताना बरेच फोन टेलिफोटो न वापरता मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र मोठं करून दाखवतात. खात्री करायची तर टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा. चित्र तसंच दिसत राहिलं तर ती लेन्स चालूच नाही.

दिवा फ्रेममध्ये नाही, तरी फोटो पांढरा

फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ८० अंशांचं दृश्य दिसतं, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे ४० अंश. सूर्य याच्या थोडासाच बाहेर असेल तेव्हा सगळ्यात जास्त त्रास होतो. फोटोत तो नसतो, पण त्याचा प्रकाश पुढच्या काचेवर पडत असतो आणि लेन्सच्या कडांवर, आतल्या नळीच्या भिंतींवर आपटून सेन्सरभर पसरतो. कधी नुसता पांढरटपणा येतो, कधी एका कडेला इंद्रधनुषी कमान.

मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्सला पुढे हूड (प्रकाश अडवणारी कडा) लावतात तो यासाठीच. फोनला हूड नसतो, तेव्हा तुमचा हात हाच हूड. हात कुठे धरायचा हे स्क्रीनकडे बघून कळत नाही, फोनच्या पाठीकडे बघून कळतं: हाताची सावली कॅमेऱ्याच्या काचेवर पडली पाहिजे. आधी सावली बसवा, मग हात फ्रेममध्ये दिसत नाही ना ते बघा आणि दिसत असेल तर थोडा मागे घ्या. हातात टोपी, वही, काहीही असेल तर आणखी सोपं. मात्र हा आडोसा फक्त फ्रेमबाहेरच्या दिव्यासाठी. दिवा फ्रेममध्येच असेल तर आडोसा फोटोतच येणार.

अल्ट्रावाइडवर, म्हणजे फोनच्या सर्वात रुंद दृश्याच्या कॅमेऱ्यावर, हे जमत नाही. तिचं दृश्य सुमारे १२० अंशांचं असतं, त्यामुळे सूर्य तिच्या तावडीतून क्वचितच सुटतो आणि आडोशाचा हात बोटांसकट फोटोत येतो. उन्हाकडे तोंड करून अल्ट्रावाइड वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मागे सरकायला जागा असेल तर १एक्स वर यावं.

तिरकस कोनाचा आणखी एक हिशेब आहे. साध्या काचेवर प्रकाश ६० अंश तिरका पडला तर परावर्तन सुमारे ९ टक्के होतं, ७० अंशांना १७ टक्के आणि ८० अंशांना ३९ टक्क्यांच्या आसपास. कोटिंगची जाडीही ठरावीक कोनांसाठी बेतलेली असते. प्रकाश फार तिरका झाला की तिचा उपयोग कमी होत जातो. सकाळ-संध्याकाळचं क्षितिजाजवळून येणारं ऊन म्हणून जास्त छळतं. त्या वेळी समोर बघून फोटो काढला तरी सूर्य फ्रेमच्या कडेला कुठेतरी असतोच.

बोटांचे ठसे

रेघांचं कारण नव्वद टक्के वेळा हेच, असं म्हणायचा मोह होतो, पण आकडा राहू दे. फोन हातात घेताना बोट नेमकं कॅमेऱ्यावर टेकतं आणि खिशात घालताना ते तेल एका दिशेला ओढलं जातं. काचेवर तेलाच्या बारीक समांतर रेषा तयार होतात आणि प्रकाश त्या रेषांना काटकोनात पसरतो. काच वर-खाली पुसली असेल तर रेघ आडवी येते. म्हणून घाईने शर्टाला एकाच दिशेत पुसलेली लेन्स कधीकधी न पुसलेल्या लेन्सपेक्षा वाईट फोटो देते.

काचेवर हलकी वाफ सोडा आणि चष्म्याच्या मऊ कापडाने गोल फिरवत पुसा. वाळूचा कण असेल तर आधी फुंकर मारा, नाहीतर तोच कण ओरखडा पाडेल. पुढच्या कॅमेऱ्याचीही आठवण ठेवा. बोलताना तो गाल आणि कानाला लागतो, त्यामुळे सेल्फीतला ‘सौम्य, स्वप्नाळू’ परिणाम पुष्कळदा त्वचेच्या तेलाचा असतो. पुसूनही रेघ त्याच कोनात राहिली तर टॉर्चचा प्रकाश काचेवर अगदी आडवा टाकून बघा; ओरखडा असेल तर चमकेल.

दिव्याभोवती सगळीकडून निघणाऱ्या किरणांचा तारा मोठ्या कॅमेऱ्यात डायफ्रामच्या (प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या भागाच्या) पात्यांमुळे तयार होतो. बहुतेक फोनचं छिद्र कायमचं गोल असतं, त्यातून असा तारा येत नाही. तेव्हा फोनमध्ये तारा दिसला तर काचेकडे संशयाने बघावं.

वरून चिकटवलेली काच, कव्हर, फ्लॅश

कॅमेऱ्याच्या रक्षणासाठी चिकटवतात त्या लेन्स प्रोटेक्टरबद्दल मी फारसं चांगलं बोलू शकत नाही. तो आणखी दोन पृष्ठभाग वाढवतो, आणि वर सांगितलेल्या सेन्सर-ते-काच घोस्टसाठी आणखी एक सपाट आरसा पुरवतो. थोडा तिरका बसला असेल तर दुसरा ठिपका पहिल्यापासून सरकलेला दिसतो. एकाच दिव्याचे दोन ठिपके जवळजवळ दिसत असतील तर आधी प्रोटेक्टर काढून तपासणी पुन्हा करा.

फक्त फ्लॅशच्या फोटोत पांढरेपणा येत असेल तर कारण वेगळं. प्रोटेक्टर फ्लॅश आणि लेन्स दोन्हींवर एकसंध असेल तर फ्लॅशचा प्रकाश काचेच्या आतून प्रवास करत लेन्समध्ये उतरतो. पारदर्शक किंवा फिक्या रंगाच्या कव्हरची कडा फ्लॅशला चिकटून असेल तरी तेच होतं. कव्हर काढून एक फोटो काढला की निकाल लागतो. काळ्या, चमक नसलेल्या कडेचं कव्हर घेतलं की प्रश्न संपतो.

सूर्याभोवती लाल ठिपक्यांची जाळीदार फुलं दिसत असतील तर ती सेन्सरवरच्या पिक्सेलच्या रचनेमुळे येतात: ती रचना प्रकाश ठरावीक दिशांना परत फेकते आणि इन्फ्रारेड फिल्टर त्यातला तिरका लाल भाग पुन्हा सेन्सरकडे पाठवतो. पुसून उपयोग नाही. सूर्य आडोशाला घ्या किंवा फ्रेमबाहेर काढा.

खिडकीच्या काचेतून काढलेल्या फोटोतले दिवे हा फ्लेअर नव्हेच, ते खोलीतल्या दिव्यांचं प्रतिबिंब. फोन काचेला टेकवा आणि खोलीतला दिवा बंद करा.

काढून झालेल्या फोटोचं काय

आकाशावर किंवा पाण्यावर पडलेला एकटा ठिपका गूगल फोटोजमधल्या मॅजिक इरेजरसारख्या साधनाने सहज जातो. चेहऱ्यावर किंवा कपड्याच्या नक्षीवर पडला असेल तर तिथे सॉफ्टवेअर काहीतरी कल्पून भरतं आणि ते ओळखू येतं. म्हणून महत्त्वाच्या फोटोचे दोन-तीन शॉट थोडा कोन बदलून घ्या. एकात तरी ठिपका चेहऱ्यापासून दूर असेल. पांढरटपणा घालवायचा तर एडिटिंगमध्ये ब्लॅक पॉइंट (काळे भाग गडद करणारा पर्याय) वाढवा आणि एक्सपोजर किंचित उतरवा. झाकला गेलेला बारीक तपशील मात्र सगळा परत येत नाही.

व्हिडिओत घोस्ट जास्त खटकतो, कारण स्थिर केलेल्या दृश्यावर तो एकटाच थरथरत फिरतो. फोनचं स्टॅबिलायझेशन दृश्याची हालचाल मोजून ती रद्द करतं, पण घोस्ट उलट दिशेला सरकत असल्याने त्याची हालचाल उलट वाढते. स्टँड वापरा. हातातच धरायचा असेल तर दिवा फ्रेममध्ये न घेता शूट करा.

दुरुस्तीला कधी न्यायचा? काचेच्या आतल्या बाजूला वाफ किंवा धूळ दिसत असेल, ओरखडा नखाला लागत असेल, किंवा त्याच मॉडेलचा दुसरा फोन त्याच दिव्यासमोर त्याच कोनात धरल्यावर स्वच्छ फोटो देत असेल तर. दोन्ही फोन एकसारखाच ठिपका दाखवत असतील तर ती लेन्सची घडणच आहे, आणि दुरुस्तीवाला नवा कॅमेरा बसवूनही तोच ठिपका परत देईल.